जेआरएफ निघाली, पुढे काय? शिष्यवृत्तीच्या पाच वर्षांचा हिशेब

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नेट परीक्षेचा निकाल लागला, त्यात जेआरएफ (पीएचडी करताना मिळणारी ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) निघाली, त्या रात्री आईनं विचारलं, "म्हणजे आता पगार सुरू का?" मी हो म्हणालो. पहिले पैसे खात्यात पडले ते त्यानंतर सव्वा वर्षानं. तोवर गावात पेढे वाटून झाले होते, मामानं उसने मागून झाले होते आणि मी पुण्यात मित्राच्या खोलीवर फुकटात राहत होतो.

या सव्वा वर्षात मी कोणता मोठा अपराध केला होता असं नाही. गाइड (पीएचडीचा मार्गदर्शक) शोधण्यात सहा महिने गेले, विद्यापीठाची प्रवेशप्रक्रिया उशिरा निघाली, आणि रुजू झाल्यावर एका फॉर्मवर चुकीच्या जागी सही होती. हे सगळं टाळता आलं असतं. सांगणारं कोणी नव्हतं, इतकंच. आता मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो आणि दर निकालानंतर दोन-तीन मुलं-मुली "सर, जेआरएफ निघाली, पुढे काय?" म्हणत येतात. त्यांना तुकड्या-तुकड्यानं जे सांगतो ते इथे सलग लिहितोय. माझा विषय इतिहास असल्यामुळे उदाहरणं तिकडची आहेत. विज्ञानवाल्यांची परीक्षा वेगळी, सीएसआयआर-नेट. पण शिष्यवृत्तीचे दर आणि कागदांची कटकट बरीचशी सारखीच.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. शिष्यवृत्तीतून तुम्हाला वेळ मिळतो, आणि तो मोजून मिळतो. जेआरएफवाल्याच्या मागे एकाच वेळी तीन घड्याळं चालतात. पहिलं पत्राचं: अवॉर्ड लेटर मिळाल्यापासून तीन वर्षांत पीएचडीला रुजू व्हावं लागतं. दुसरं शिष्यवृत्तीचं: दोन वर्षं जेआरएफ, मग तीन वर्षं एसआरएफ (वरच्या दराची सीनिअर रिसर्च फेलोशिप), एकूण पाच, प्रबंध आधी सादर केलात तर त्याच दिवशी बंद. तिसरं पीएचडीचं: यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीप्रमाणे कोर्सवर्क (सुरुवातीचा वर्गातला अभ्यासक्रम) धरून कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं, त्यापुढे पुनर्नोंदणीनं दोन. दुसरं आणि तिसरं घड्याळ जुळत नाही हे आत्ताच बघून ठेवा. सहाव्या वर्षी तुम्ही संशोधक असता, पण शिष्यवृत्तीधारक नसता. बहुतेकांचं लिखाण नेमकं त्याच वर्षात अडकतं.

परीक्षेच्या आधी: कागद

अभ्यासाआधी कागदांचं सांगतो, कारण अभ्यासात कमी पडलेला मुलगा पुढच्या सत्राला बसतो. कागदात अडकलेला मात्र पास होऊनही बाहेर राहतो.

नाव. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. आधारवर उलटं. बँकेत तिसरंच. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात, त्यामुळे तिन्ही ठिकाणी स्पेलिंगसकट एकच नाव असायला हवं. लग्नानंतर आधारवर नाव बदललेल्या मुलींनी तर याकडे एमएच्या पहिल्या वर्षातच बघावं. राजपत्रातल्या नावबदलाला वेळ लागतो, आणि तो कागद आयत्या वेळी मिळत नाही.

जातीचा दाखला. इथे दरवर्षी कोणी ना कोणी ठेचकाळतं. नेट ही केंद्राची परीक्षा आहे. राज्याच्या यादीत तुम्ही एनटी (भटक्या जमाती) किंवा एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) असाल, पण केंद्राच्या यादीत तो प्रवर्गच नाही. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल तर तिथे तुम्ही ओबीसी, नसेल तर खुल्या प्रवर्गात. नॉन-क्रीमी लेअरचं प्रमाणपत्रही केंद्राच्या नमुन्यातलं लागतं. तहसीलमध्ये किंवा सेतू केंद्रात अर्ज देतानाच "केंद्र शासनाच्या नमुन्यात हवंय" असं स्पष्ट सांगा, नाहीतर सवयीनं राज्याचा नमुना हातात पडतो. ईडब्ल्यूएसवाल्यांचं प्रमाणपत्र दर आर्थिक वर्षाला नवं लागतं.

वय. जेआरएफसाठी परीक्षेच्या महिन्याच्या एक तारखेला ३० वर्षं पूर्ण होऊन पुढे गेलेली नसावीत. महिलांना, आणि एससी, एसटी, ओबीसी, दिव्यांग व तृतीयपंथी उमेदवारांना पाच वर्षांची सूट आहे. "आधी बीएड करू, दोन वर्षं सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवू, मग बघू" म्हणणाऱ्या खुल्या प्रवर्गातल्या मुलांची इथेच फसगत होते. नुसत्या नेटला, म्हणजे सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेपुरत्या, वयाची अट नाही, पण नुसत्या नेटला पैसेही नाहीत.

परीक्षा

नेट जून आणि डिसेंबर अशा दोन सत्रांची. दोन पेपर सलग तीन तासांत: पहिल्यात ५० प्रश्न, दुसऱ्यात १००, एकूण ३०० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडू नका. हे इतकं उघड असूनही लोक सोडतात.

जेआरएफ आणि नुसती नेट यांत अंतर असतं ते बऱ्याचदा पहिल्या पेपरचं. दुसऱ्या पेपरला आपल्या विषयात सगळेच घासून आलेले असतात. पहिला पेपर म्हणजे अध्यापन, संशोधन, आकलन, तर्क, आकडेवारीचे तक्ते, पर्यावरण, उच्च शिक्षण. त्याला "होईल तेवढं होईल" म्हणून सोडून देणारे चार-सहा गुणांनी मागे राहतात. मी महिनाभर रोज सकाळी फक्त तक्ते आणि तर्काचे प्रश्न सोडवले. जुन्या प्रश्नपत्रिका पुरतात, जाडजूड गाइडांची गरज पडली नाही.

मराठी माध्यमातून शिकलेल्यांची खरी अडचण वेगळी आहे. भाषाविषय सोडले तर प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. "सरंजामशाही" तुम्हाला येते, "रयतवारी" येते, पण इंग्रजीतला नेमका शब्द समोर आला की दोन सेकंद डोळे थबकतात, आणि १५० प्रश्नांत असे दोन-दोन सेकंद जमत जातात. मी दोनशे पानी वही केली होती: डावीकडे मराठी संज्ञा, उजवीकडे इंग्रजी, तिसऱ्या रकान्यात हिंदी. ती वही पुढे पीएचडीच्या लिखाणात परीक्षेपेक्षा जास्त उपयोगी पडली.

सेटचं काय? महाराष्ट्र-गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं आणि ती सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेला चालते. द्या, जरूर द्या. पण सेटमधून शिष्यवृत्ती मिळत नाही. घरच्यांना हे आधीच समजावून ठेवा, म्हणजे पेढे एकदाच वाटले जातील.

२०२४ पासून नेटच्या निकालात तीन कप्पे आहेत: जेआरएफसह सहायक प्राध्यापक, सहायक प्राध्यापक आणि पीएचडी प्रवेश, आणि फक्त पीएचडी प्रवेश. खालच्या दोन कप्प्यांतल्यांना प्रवेशात नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन मिळतं, आणि ते गुण एकच वर्ष चालतात. पहिल्या कप्प्यातल्यांना प्रवेश मुलाखतीवर.

पत्र हातात आल्यावर: गाइड

इथे घाई करू नका आणि रेंगाळूही नका. तीन वर्षांचं घड्याळ लागलेलं आहे, पण माझ्या मते पहिले चार महिने निव्वळ गाइड शोधण्यात घालवले तरी ते वाया जात नाहीत. पुढच्या पाच वर्षांत शिष्यवृत्तीचा उपयोग होणार की ती नुसती खर्च होणार हे बरंचसं या एका निवडीवर ठरतं.

जेआरएफमुळे तुमची बाजू वरचढ असते, हे बऱ्याच मुलांना कळतच नाही. ती हात जोडून उभी राहतात. प्रोफेसरला एका वेळी आठ, असोसिएट प्रोफेसरला सहा आणि असिस्टंट प्रोफेसरला चार विद्यार्थी घेता येतात. स्वतःची शिष्यवृत्ती घेऊन आलेला, पूर्ण वेळ बसणारा विद्यार्थी कुठल्याही विभागाला हवाच असतो. म्हणजे निवड तुम्हीही करू शकता. ती अशी करा.

गाइडचे आताचे आणि आधीचे विद्यार्थी गाठा. सर किती मोठे आहेत हे त्यांना विचारू नका, ते सगळ्यांना माहीत असतं. विचारा: प्रकरण दिल्यावर किती दिवसांत वाचून परत येतं? गेल्या पाच वर्षांत किती जणांचे प्रबंध पूर्ण झाले? सर निवृत्त कधी होतात? मासिक सहीला कुठे पळावं लागतं? एका मुलीनं मला सांगितलं होतं, "सर चांगले आहेत, पण त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिका मी वाटल्या." त्या वाक्यावरून मी जागा बदलली.

विषय गाइडच्या कपाटातून आयता येत असेल तर सावध व्हा. "अमुक तालुक्यातील स्वातंत्र्यचळवळ: एक अभ्यास" या साच्यात तालुका बदलत नेलेले प्रबंध आपल्याकडे कमी नाहीत. शिष्यवृत्ती असलेल्या माणसानं तसला विषय घेणं म्हणजे एसटीचा पास असताना पायी जाणं. ज्याला साधनं शोधायला फिरावं लागेल, नवी लिपी शिकावी लागेल, महिनोन्‌महिने अभिलेखागाराच्या दप्तरात बसावं लागेल असा विषय पगारी नोकरी सांभाळून करता येत नाही. तो करायची मुभा तुम्हाला आहे. पुन्हा मिळेलच असं नाही.

कुठे नोंदणी करायची

विद्यापीठाचा विभाग की एखाद्या महाविद्यालयातलं मान्यताप्राप्त संशोधन केंद्र? केंद्र घराजवळ असतं, खर्च वाचतो, गाइडही ओळखीचे असतात. पण शिष्यवृत्ती तुमच्या थेट हातात येत नाही. संस्थेनं दर महिन्याला "हा विद्यार्थी काम करतोय" असं पोर्टलवर कळवावं लागतं. ज्या केंद्रातल्या क्लार्कनं आजवर एकही जेआरएफ हाताळलेली नाही, तिथे तुम्हीच त्याला शिकवणार.

माझं तसंच झालं. मी सुरुवातीला एका लहान केंद्रात होतो. रुजू झाल्याच्या अहवालावर प्राचार्यांची सही गाइडच्या रकान्यात आणि गाइडची प्राचार्यांच्या. कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. चार महिन्यांनी फॉर्म परत आला तेव्हा ऑफिसातले काका शांतपणे म्हणाले, "अहो, सह्या तर दोन्ही आहेत ना?" त्यांच्यावर चिडण्यासारखं नव्हतं, भला माणूस होता. पण चार महिने गेले ते गेले.

म्हणून प्रवेश घेण्याआधी ऑफिसात जाऊन एकच प्रश्न विचारा: "इथे सध्या किती जेआरएफ आहेत?" उत्तर शून्य असेल तर विद्यापीठ विभागाचा विचार करा, किंवा जवळच्या विद्यापीठातल्या एखाद्या जेआरएफ विद्यार्थ्याकडून सगळ्या फॉर्मच्या भरलेल्या प्रती आणून ठेवा.

पैसे: किती, कधी, कसे

१ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ महिना ३७,००० आणि एसआरएफ ४२,००० रुपये आहे. मी रुजू झालो २०१६ मध्ये, तेव्हा २५,००० होते. दोन वर्षांनी एसआरएफ झाली आणि २०१९ च्या जानेवारीपासून दर वाढले; फरकाची रक्कम मात्र आरामात आली. वर घरभाडे भत्ता मिळतो, पण वसतिगृहात राहत असाल तर तो मिळत नाही. भत्त्याचा दर शहराच्या वर्गाप्रमाणे. मुंबई-पुणे वरच्या वर्गात.

शिवाय कंटिंजन्सी: मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांना पहिली दोन वर्षं सालाला १०,०००, नंतर २०,५००. विज्ञानाला १२,००० आणि २५,०००. पुस्तकं, झेरॉक्स, क्षेत्रकार्याचा प्रवास, टायपिंग यांसाठी. बिल हवंच. अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानदारानं कोऱ्या कागदावर "पुस्तके ३, रु. ४५०" लिहून दिलेलं चालत नाही, पुस्तकाचं नाव, तारीख, दुकानाचा शिक्का लागतो. मी एक चपटी पत्र्याची पेटी ठेवली होती. बिल हातात आलं की मागे पेन्सिलीनं कशाचं ते लिहायचं आणि पेटीत टाकायचं. थर्मल कागदावरची बिलं सहा महिन्यांत पांढरी होतात, त्यांची लगेच झेरॉक्स काढायची. मार्चमध्ये बाकीचे बिलं शोधत फिरत तेव्हा मी पेटी उपडी करायचो.

पैसे दर महिन्याला येतील असं धरून चालू नका. दोन-तीन महिने थांबून एकदम येतात. कधी त्याहून जास्त. म्हणून पहिली मोठी रक्कम आली की त्यातले सहा महिन्यांचे खर्चाचे पैसे बाजूला काढा, आणि काढलेत हे घरी सांगू नका. हा सल्ला थोडा कठोर वाटेल. पण "पोराला पगार सुरू झाला" म्हटल्यावर बहिणीचं लग्न, बोअरवेल, घराचा स्लॅब सगळं त्या एका आकड्यावर बसतं. मी दुसऱ्या वर्षी ट्रॅक्टरचे तीन हप्ते भरले आणि त्या उन्हाळ्यात दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जायचं ते राहिलं. हप्ते भरले याचं वाईट वाटत नाही. पण त्या प्रकरणातली एक बाजू आजही लंगडी आहे, आणि ती कुठली ते मला नेमकं माहीत आहे.

शिष्यवृत्ती चालू असताना दुसरी पगारी नोकरी करता येत नाही, दुसरी शिष्यवृत्तीही घेता येत नाही. सीएचबीचे तास "गुपचूप" घेणारे असतात. पुढे वसुली निघाली तर सगळी रक्कम परत मागतात, आणि तोच अनुभवाचा दाखला मुलाखतीत दाखवायची सोयही राहत नाही. शिकवायचंच असेल तर विभागात रीतसर आठवड्याचे चार-सहा तास घ्या. २०२२ च्या नियमावलीत पीएचडीच्या विद्यार्थ्यांना तशी सोय आहे.

मुलींसाठी: पीएचडीच्या काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा मिळते, आणि पीएचडीच्या कमाल मुदतीत दोन वर्षांची जास्तीची सवलतही आहे. विभागात कोणी सांगेल याची वाट बघू नका, अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

पहिली दोन वर्षं

बहुतेक लोक इथे कोर्सवर्क संपण्याची वाट बघत बसतात. कोर्सवर्क म्हणजे कमीत कमी १२ क्रेडिट, एक-दोन सत्रांचं काम. त्यासोबत दुसरंही करता येतं.

मी त्या काळात मोडी शिकलो. पुराभिलेख संचालनालय आणि भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेतात. वर्गात अक्षरं कळतात. वाचता येत नाही. वाचता यायला बसावं लागतं. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे, कागद कापडाच्या बस्त्यांत बांधलेले, त्यांना रुमाल म्हणतात. शिपाई रुमाल आणून टेबलावर ठेवतो, गाठ सोडतो, आणि जुन्या कागदाचा एक कोरडा, किंचित आंबट वास येतो. पहिल्या दिवशी मी पाच तासांत अडीच ओळी वाचल्या. त्यातलाही एक शब्द चुकला होता, शेजारी बसलेल्या आजोबांनी माझ्या वहीकडे वाकून पाहिलं आणि म्हणाले, "ते 'बाबत' आहे, 'बापट' नव्हे." साधारण सात महिन्यांनी दिवसाला आठ-दहा पानं व्हायला लागली.

त्या सात महिन्यांत दाखवण्यासारखं काहीच तयार झालं नाही. एक लेख नाही, एक प्रमाणपत्र नाही. पण आज माझी जी काही ओळख आहे ती तिथली आहे. कोणी लेख मागतं, कोणी कागद वाचून द्या म्हणतं, ते त्या रुमालांमुळे. नोकरीत असतो तर शनिवार-रविवारी ही विद्या आली नसती, कारण शनिवार-रविवारी दप्तर उघडं नसतं. तुमच्या विषयातला असा रुमाल कोणता ते शोधा: एखादी भाषा, एखादं सॉफ्टवेअर, एखाद्या प्रयोगशाळेतलं यंत्र, किंवा एखाद्या गावात सहा महिने राहणं.

दोन वर्षं झाली की बाहेरच्या तज्ज्ञासह समिती बसते आणि तुमचं काम बघून एसआरएफची शिफारस करते. ही बैठक आपोआप होत नाही. बाराव्या महिन्यापासून तज्ज्ञाचं नाव सुचवा, विसाव्या महिन्यात गाइडला आठवण करा, तेविसाव्या महिन्यात तारीख मिळवा. बैठक लांबली तर तेवढे महिने जुन्याच दराने पैसे येतात. समितीपुढे पूर्ण लिहिलेलं एक प्रकरण न्या. "आराखडा तयार आहे" हे वाक्य त्यांनी खूप ऐकलेलं असतं.

लेख, परिषदा आणि विकतचे दाखले

२०२२ च्या नियमावलीनं प्रबंधाआधी लेख छापलाच पाहिजे ही सक्ती काढली. यूजीसीनं २०२५ च्या फेब्रुवारीत केअर यादीही (मान्य नियतकालिकांची यादी) बंद केली. याचा अर्थ कुठेही छापलं तरी चालतं असा काढणारे आहेत. व्हॉट्सॲपवर "तीन दिवसांत प्रकाशन, दीड हजार रुपये, आयएसएसएनसह" असे संदेश येतात. त्यात पैसे जातात, आणि पुढे मुलाखतीत एखादा जाणकार यादीवरून बोट फिरवतो आणि त्या नावावर थांबतो. तो थांबलेला क्षण महाग पडतो. पाच वर्षांत दोन लेख, पण ज्यांच्या लिखाणाला तुम्ही स्वतः तळटिपेत मान देता त्यांनी वाचलेले, एवढं पुरे.

परिषदांना जा, पण दाखल्यासाठी नको. वर्षाला एक, जिथे तुमच्या कामातलं कळणारी चार माणसं येतात अशी.

अटी वाचा: बाबासाहेबांची शिष्यवृत्ती

शिष्यवृत्तीची मुदत आयुष्यात काय करू शकते याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी. परतल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी करायची अशी अट होती. कोलंबियात त्यांनी एमए केलं, पुढे लंडनला गेले, आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची वाढवून मिळालेली मुदतही संपली म्हणून तिथलं शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं. करारामुळे बडोद्याला रुजू झाले. तिथे जातीमुळे राहायला जागा मिळेना आणि ती नोकरी सुटली. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, त्यातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत, मित्र नवल भथेनांकडून उसने, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन. डीएससी मिळाली १९२३ मध्ये. शिष्यवृत्ती नसती तर कोलंबिया नसतं. मुदत संपली नसती तर मधली तीन वर्षं गेली नसती.

तुमच्या शिष्यवृत्तीत इतकं पणाला लागलेलं नसेल, पण अटी तितक्याच काळजीनं वाचायला हव्यात. परत येऊन सेवा करायची आहे का? मध्येच सोडली तर परतफेड आहे का? मुदत वाढते का, आणि त्यासाठी अर्ज किती आधी? "शिष्यवृत्ती" नाव असलं तरी ती कर्ज आहे का? जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणाला मदत करतं, जयंत नारळीकर त्याच मदतीवर केंब्रिजला गेले. पण ती मुळात कर्ज-शिष्यवृत्ती आहे, फेडावी लागते. त्यात वाईट काही नाही. फक्त आधी माहीत हवं.

जेआरएफ निघाली नाही तर

जेआरएफ नाही म्हणजे संशोधन नाही, असं नाही. राज्य सरकारच्या संस्थांपैकी बार्टी अनुसूचित जातींच्या, सारथी मराठा-कुणबी समाजाच्या, महाज्योती ओबीसी, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गातल्या संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. केंद्राच्या अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींसाठी वेगळ्या राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहेत. सामाजिक शास्त्रांना आयसीएसएसआर, इतिहासाला आयसीएचआर या संशोधन परिषदा आहेत. यांच्या जाहिराती ठरलेल्या महिन्यात येतीलच असं नाही, तेव्हा पीएचडीची नोंदणी आणि सगळे दाखले तयार ठेवून बसायचं. अर्ज करायला मिळणारे दिवस थोडे असतात.

परदेशातल्या कागदपत्रांचं काम असेल तर मधल्या वर्षांत फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल किंवा चार्ल्स वॉलेस ट्रस्टच्या अनुदानाकडे बघा. आमच्या विषयातले कितीतरी जण चार्ल्स वॉलेसच्या पैशांवर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत काही आठवडे बसून आले आहेत. या अर्जात जेआरएफ असल्याचा उल्लेख वजन देतो, पण निकाल लागतो तो दोन पानी प्रस्तावावर आणि शिफारसपत्रावर. शिफारसपत्र महिनाभर आधी मागा, आणि सरांना मुद्दे लिहून द्या.

नोकरीत जेआरएफचं मोल किती

आकडे बघा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत मुलाखतीला बोलावण्यासाठी गुणांचा तक्ता आहे. महाविद्यालयांच्या तक्त्यात जेआरएफसह नेटला १० गुण, नुसत्या नेटला ८, सेटला ५; पीएचडीला २५. विद्यापीठांच्या तक्त्यात तेच ७, ५, ३ आणि पीएचडीला ३०. म्हणजे जेआरएफ आणि नेट यांत फरक फक्त दोन गुणांचा! शिकवण्याच्या एका वर्षालाही दोनच गुण. हे पाहून माझ्या एका विद्यार्थ्याचं तोंड उतरलं होतं. १ जुलै २०२३ पासून तर सहायक प्राध्यापक व्हायला पीएचडी सक्तीचीही नाही, नेट किंवा सेट पुरते. ज्या जागेला अर्ज करताय तिच्या जाहिरातीतला तक्ता वेगळा असू शकतो, तो आधी वाचा.

तक्ता फक्त दारापर्यंत नेतो. आत विचारतात, "पाच वर्षं काय केलंत?" माझ्या मुलाखतीत एका तज्ज्ञानं पिशवीतून मोडी कागदाची झेरॉक्स काढली आणि समोर सरकवली. वरच्या तीन ओळी वाचल्या. चौथीत एक शब्द लागेना, तसं सांगितलं. तेही म्हणाले, "मलाही लागत नाहीये, म्हणून तर आणलाय."

जाताना

प्रबंध सादर केला की हिशेब मिटवायचा असतो: शेवटच्या महिन्याची हजेरी, उपयोगिता प्रमाणपत्र, ग्रंथालयाचं ना-देय, घरभाड्याचा शेवटचा दाखला. एक गोष्ट मला शेवटच्या आठवड्यात कळली. कंटिंजन्सीतून घेतलेली पुस्तकं आपली नसतात, संस्थेची असतात. पहिल्या दिवसापासून यादी ठेवा, आणि ज्या पुस्तकावर जीव आहे ते स्वतःच्या पैशांनी घ्या. मी एकूण एकतीस पुस्तकं दोन पोत्यांत भरून विभागात नेऊन दिली. त्यात फारसी शब्दांचा एक कोश होता, समासभर माझ्या पेन्सिलीच्या खुणा असलेला. ग्रंथपालबाईंनी तो उघडला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, आणि खोडरबर पुढे केला.